हायब्रिड घ्यायची? आधी तुमचा रोजचा रस्ता मोजा!

'काका, हायब्रिडच घ्या. पेट्रोलचा खर्च निम्मा होईल.' शोरूममधल्या सेल्समनने हे वाक्य दहा मिनिटांत तीन वेळा म्हटलं आणि तिसऱ्या वेळी बाबांनी खिशातलं पेन काढलं. बुकिंगचा फॉर्म समोरच होता. मी म्हणाले, 'बाबा, आज नको. आठ दिवस थांबू.' घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाबा निवृत्त झालेत. हातात आलेल्या पैशातून आयुष्यातली शेवटची गाडी घ्यायची, असं त्यांनी ठरवलंय. त्यात काही गैर नाही. पण साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा त्यांच्या पसंतीची हायब्रिड सुमारे अडीच लाखांनी महाग पडत होती. हे अडीच लाख परत कधी मिळणार, हा प्रश्न त्या शोरूममध्ये कुणीच विचारला नाही. मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, सध्या बातम्या लिहिते. त्यामुळे आकडेमोड माझ्याच वाट्याला आली. ती तुमच्याही कामाची आहे, म्हणून इथे मांडते.

थोडक्यात सांगायचं तर

• हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये होतो, हायवेवर नाही.
• प्लग-इन हायब्रिडचा फायदा रोज चार्ज केली तरच मिळतो. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर ती नुसती जड पेट्रोल गाडी ठरते.
• कर्ज काढून घेणार असाल, तर शहरात महिन्याला साधारण १,३०० किमी गाडी फिरते का, हे आधी बघा.

'हायब्रिड' शब्द एक, गाड्या तीन

पहिला घोळ इथेच होतो. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्यांना आपल्याकडे एकच नाव चिकटलंय.

माइल्ड हायब्रिड: हिच्यात छोटी बॅटरी आणि जरा ताकदवान स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद होतं, पुन्हा झटकन सुरू होतं आणि वेग घेताना थोडी मदत मिळते. पण ही गाडी केवळ विजेवर चालू शकत नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलमधून ही पद्धत आणली, तीच पुढे 'स्मार्ट हायब्रिड' या नावाने ओळखली गेली. केंद्राच्या 'फेम' योजनेत अशा गाड्यांना आधी अनुदान होतं, २०१७ मध्ये ते काढून घेतलं. नाव हायब्रिड असलं तरी व्यवहारात ही पेट्रोल गाडीच समजा.

स्ट्राँग हायब्रिड: हिच्यात इंजिनसोबत चाकं फिरवू शकेल अशी स्वतंत्र मोटर असते. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरचे हायब्रिड प्रकार, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी ई-एचईव्ही या गाड्या यात येतात. हळू वेगात, पार्किंगमध्ये, रांगेत सरकताना इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर चालते. चार्जिंगची वायर नसते. बॅटरी इंजिनमधून आणि ब्रेक मारताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून भरते.

प्लग-इन हायब्रिड: स्ट्राँग हायब्रिडसारखीच, पण बॅटरी कितीतरी मोठी आणि ती भिंतीतल्या प्लगवर चार्ज होते. परदेशात अशा अनेक गाड्या एका चार्जवर ५० ते १०० किमी विजेवर जातात, त्यापुढे पेट्रोल.

फरक लक्षात यावा म्हणून एक आकडा सांगते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची आहे. दीड टनाचा एसी अर्धा तास चालवला की तेवढी वीज संपते. प्लग-इनची बॅटरी साधारण १५-२० युनिटची असते. म्हणजे स्ट्राँग हायब्रिड ही 'अर्धी इलेक्ट्रिक' नव्हे. तिच्यातली सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते. फक्त ते पेट्रोल ती काटकसरीने वापरते.

मग बचत होते कशी?

पेट्रोल इंजिन सर्वांत वाईट काम करतं ते हळू वेगात. सिग्नलला उभं राहून ते शून्य किमीचा ॲव्हरेज देतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना पेट्रोल जास्त जातं, अंतर कमी कापलं जातं. आणि इतकं पेट्रोल जाळून मिळवलेला वेग पुढच्या ब्रेकला उष्णता होऊन हवेत जातो.

स्ट्राँग हायब्रिड हे तिन्ही तोटे कमी करते. थांबल्यावर इंजिन बंद. सरकताना मोटर. ब्रेक मारला की तीच मोटर जनरेटर बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. शिवाय इंजिनही ॲटकिन्सन पद्धतीचं असतं. ताकद जरा कमी, पण पेट्रोलमधून जास्त काम काढून घेणारं.

आता यातली मेख बघा. हे तिन्ही फायदे गाडी थांबते, सरकते, पुन्हा थांबते तेव्हाचे आहेत. एक्स्प्रेसवेवर एकसारख्या ९०-१०० च्या वेगाने जाताना साधं इंजिनही त्याच्या चांगल्या टप्प्यात चालत असतं. तिथे ब्रेक कमी, थांबणं नाही, मग वाचवायला उरतं काय? थोडंफार. म्हणून हायवेवर हायब्रिड आणि साध्या गाडीतलं अंतर बरंच कमी होतं.

'पण घाट उतरताना बॅटरी भरते ना?' हा प्रश्न बाबांचा. भरते, पण लवकर भरते आणि मग जागाच उरत नाही. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून १,६०० किलोची गाडी असेल, तर या उतारात सुमारे २.४ युनिट ऊर्जा असते. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी पाऊण युनिटच्या बॅटरीला ती जास्तच. अर्धा घाट उतरेपर्यंतच बॅटरी भरते आणि पुढे गाडी इंजिन ब्रेकिंगवर येते. चढताना याच्या उलट. बॅटरी लवकर संपते आणि सगळा भार इंजिनवर पडतो. खंबाटकी चढताना इंजिनचा आवाज वाढला तर गाडी बिघडली असं समजू नका, ते तसंच असतं.

ब्रोशरमधला ॲव्हरेज कुठल्या रस्त्यावरचा?

ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा दावा लिटरला २७.९७ किमी, इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. होंडा सिटी हायब्रिड २०२२ मध्ये आली तेव्हा तिचा २६.५. हे आकडे खोटे नाहीत, पण ते रस्त्यावरचेही नाहीत. 'एआरएआय मायलेज' म्हणून आपण ओळखतो ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. वेगाचा आराखडा ठरलेला असतो, कमाल वेग ताशी ९० किमी आणि एसी बंद. चांदणी चौकात मे महिन्यात दुपारी दोन वाजता एसी बंद करून कोण बसतं?

त्यामुळे कुठल्याही गाडीचा ब्रोशरमधला आकडा घेऊन पैशांचा हिशोब करू नका. त्यातही एकच आकडा दिलेला असतो, शहराचा वेगळा आणि हायवेचा वेगळा नाही. साध्या गाडीत हा फरक सोसता येतो. हायब्रिडमध्ये मात्र सगळा खेळच त्या फरकावर आहे.

आता कागद-पेन घ्या

मी हिशोबासाठी काही आकडे गृहीत धरलेत. तुमचे वेगळे असतील तर ते घाला, पद्धत तीच.

पेट्रोल: लिटरला १०४ रुपये.
शहरात: साधी पेट्रोल ऑटोमॅटिक १३ किमी, हायब्रिड २१ किमी.
हायवेवर: साधी १७ किमी, हायब्रिड २१ किमी.
किमतीतला फरक: २.५ लाख रुपये.

शहरात साध्या गाडीला किमीमागे ८ रुपये लागतात, हायब्रिडला ४.९५. बचत ३.०५ रुपये. हायवेवर ६.१२ विरुद्ध ४.९५, बचत फक्त १.१७ रुपये.

म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला शहरात सुमारे ८२,००० किमी गाडी चालवावी लागेल. फक्त हायवेवर चालवली तर २ लाख १३ हजार किमी! वर्षाला ९,००० किमी फिरणाऱ्या कुटुंबाला शहरातही नऊ वर्षं लागतील.

पण बहुतेक जण गाडी कर्जावर घेतात. मग प्रश्न सोपा होतो: त्या जादा अडीच लाखांचा हप्ता किती आणि महिन्याची बचत किती? ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी अडीच लाखांचा हप्ता येतो सुमारे ४,०२० रुपये. बचत किमीला ३.०५. भागाकार केला की १,३२० किमी. शहरात महिन्याला इतकी गाडी फिरत असेल तर हायब्रिडचा जादा हप्ता ती स्वतःच भरते. त्याहून कमी फिरत असेल तर फरक तुमच्या पगारातून जातो.

'पेट्रोल आणखी महाग होणारच की,' असं कुणी म्हणेल. होऊ दे. लिटरमागे १० रुपये वाढले तरी शहरातली बचत किमीला साधारण ३० पैशांनीच वाढते. चित्र थोडं बदलतं, पालटत नाही.

एकाच घरातली दोन उत्तरं

बाबांची गाडी बघा. भाजी, बँक, दवाखाना, नातवाला शाळेतून आणणं, सगळं मिळून शहरात महिन्याला ३०० किमी. महिन्यातून दोनदा साताऱ्याजवळचं आमचं गाव, एकेरी ११० किमी. म्हणजे हायवेवर ४४० किमी. शहरातली बचत ९१५ रुपये, हायवेवरची ५१५. एकूण महिन्याला १,४३० रुपये.

बाबांना कर्ज काढायचं नाही. पण ते अडीच लाख ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर महिन्याला सुमारे १,४५८ रुपये व्याज येतं. म्हणजे हायब्रिड घेऊन जे वाचतं, तेच किंवा थोडं जास्त बँक देते. आणि बँकेत मुद्दल तसंच राहतं. दवाखान्याचं काही निघालं तर दुसऱ्या दिवशी काढता येतं. गाडीत घातलेले पैसे तसे काढता येत नाहीत. बाबांना मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'अगं, सगळंच पैशात मोजायचं का?' त्या प्रश्नाकडे पुढे येते.

आता ताई. ती आणि भावोजी सिंहगड रोडला राहतात, ताईचं ऑफिस हिंजवडीत. जाऊन-येऊन, मुलांचे क्लास धरून तिच्या ओडोमीटरवर महिन्याला १,५०० किमी पडतात आणि त्यातले जवळजवळ सगळे रांगेतले. तिची बचत महिन्याला ४,५७५ रुपये, जादा हप्ता ४,०२० रुपये. पहिल्या महिन्यापासून गाडी पाचशे रुपये पुढे, सात वर्षांनी हप्ता संपला की सगळी बचत खिशात. ताईला मी एका वाक्यात सांगितलं, 'स्ट्राँग हायब्रिड घे, फार विचार करू नकोस.'

गाडी तीच, शोरूमही तेच, आडनावही एकच. पण उत्तरं दोन, कारण रस्ते दोन आहेत.

सीएनजीला विसरू नका

हायब्रिडची तुलना सगळे पेट्रोलशी करतात. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात खरी स्पर्धा सीएनजीशी आहे. किलोला ९० रुपये आणि किलोत २० किमी धरले तर किमीला साडेचार रुपये पडतात, म्हणजे हायब्रिडच्या आसपास, किंबहुना थोडे कमीच. आणि कंपनीची सीएनजी गाडी साध्या पेट्रोलपेक्षा साधारण लाखभरानेच महाग असते.

मग लोक हायब्रिड का घेतात? पंपावरची रांग, डिकीतली टाकी आणि ऑटोमॅटिकची सोय, ही तीन कारणं. ती खरी आहेत. पण डिकीच्या बाबतीत हायब्रिडही साव नाही. बॅटरी मागेच बसते. होंडा सिटीच्या साध्या गाडीत डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडमध्ये ३०६ लिटरची. गणपतीला कोकणात जाताना चार बॅगा, मखर आणि परत येताना नारळांचं पोतं नेत असाल, तर टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्या आणि डिकीत ठेवून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या.

प्लग-इन: सगळा प्रश्न प्लगचा

बाबांना शोरूममध्ये पाठवणारा खरा व्हिडिओ प्लग-इन हायब्रिडचा होता. 'वीजही, पेट्रोलही. रेंजची चिंता नाही,' हे वाक्य त्यांना पाठ झालं होतं. कल्पना खरंच चांगली आहे. रोजचे ३०-४० किमी विजेवर, गावी जाताना पेट्रोलवर. विजेचं युनिट १२ रुपये आणि युनिटला ६ किमी धरले तर किमीला २ रुपये. १५ युनिटची बॅटरी घरातल्या गिझरसारख्या जाड पिनच्या सॉकेटवर पाच-सहा तासांत, म्हणजे रात्रीत भरते. त्यासाठी फास्ट चार्जर लागत नाही.

अडचण पहिली: आपल्या बजेटात ती मिळत नाही. भारतात प्लग-इन हायब्रिड प्रामुख्याने आलिशान गाड्यांमध्येच आल्या. बीएमडब्ल्यू एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये २ कोटी ६० लाखांना आली, २०२४ ची एम५ १ कोटी ९९ लाखांना. पेट्रोल वाचवायला दोन कोटी घालणारं कुटुंब हा लेख वाचत नसावं. 'स्वस्त प्लग-इन येतेय' म्हणून आज लागणारी गाडी वर्षानुवर्षं लांबवू नका.

अडचण दुसरी जास्त मोठी आहे, आणि ती उद्या स्वस्त प्लग-इन आली तरी राहणार. ती आहे आपल्या सवयीची. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये गाड्यांमधल्याच मीटरवरून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली. प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये हा फरक सुमारे २० टक्के होता. कारण तांत्रिक बिघाड नव्हता. लोक गाडी चार्जच करत नव्हते, निदान गृहीत धरलं होतं तितकी तरी नाही.

जर्मनीत असलेला माझा मामेभाऊ याचं जिवंत उदाहरण. त्याच्याकडे ऑफिसने दिलेली प्लग-इन आहे आणि पेट्रोलचं कार्डही ऑफिसचंच. तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, खाली रस्त्यावर गाडी लावतो. 'वायर अजून पिशवीतून काढलेली नाही,' असं त्याने मला हसत सांगितलं. म्हणजे दीड-दोनशे किलोची जादा बॅटरी घेऊन तो पेट्रोलवर फिरतोय.

आता हेच आपल्या सोसायटीत आणा. पार्किंग नावावर आहे का? तिथपर्यंत वायर येते का? ती तुमच्या मीटरवरून की सोसायटीच्या? कमिटीची एनओसी मिळेल का? घरच्याच मीटरवरून चार्ज केलं तर महावितरणचा वरचा स्लॅब लागेल का, की गाडीसाठी वेगळं मीटर घ्यायचं? या पाच प्रश्नांची उत्तरं नसतील तर प्लग-इनचा विचारच नको. आणि पाचही उत्तरं 'हो' असतील, रोजचं अंतर ठरलेलं असेल, घरात लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी असेल, तर मग प्लग-इनची वाट तरी का बघायची? सरळ इलेक्ट्रिक बघा. ज्याच्याकडे प्लग आहे त्याला दोन इंजिनांचा संसार सांभाळायची गरज बहुधा नसते.

सरकारी सवलतीच्या भरवशावर राहू नका

जीएसटीचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललंय. चार मीटरपर्यंत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्यांना, त्यात हायब्रिडही आल्या, १८ टक्के. त्याहून मोठ्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिकला पूर्वीसारखाच ५ टक्के. आपल्याकडच्या लोकप्रिय स्ट्राँग हायब्रिड दीड लिटर किंवा त्याहून मोठ्या इंजिनच्या आहेत, त्यामुळे त्या ४० टक्क्यांत येतात. पूर्वी मोठ्या हायब्रिडला उपकरासह ४३ टक्के आणि तशाच साध्या पेट्रोल गाडीला ४५ ते ५० टक्के कर होता. आता दोघींना सारखाच ४०. म्हणजे हायब्रिडही स्वस्त झाली, पण साध्या गाडीसमोर तिला करात जो थोडा फायदा होता तो संपला. जुन्या व्हिडिओतली तुलना आता चालणार नाही.

दुसरा सापळा ऑन-रोड किमतीचा. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. नोएडात शूट केलेले कितीतरी व्हिडिओ त्या किमतीवर बेतलेत. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर भरावा लागतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे, ती इलेक्ट्रिक गाड्यांना. टाकीत पेट्रोल भरणाऱ्या गाडीने ती गृहीत धरू नये. शोरूममधून ऑन-रोड आकडा सगळ्या रकान्यांसह लेखी घ्या, मगच तुलना करा.

घेतलीच तर हे लक्षात ठेवा

• हायब्रिड बॅटरीची स्वतंत्र वॉरंटी असते. टोयोटा आणि मारुती ती ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी देतात. वॉरंटीची पुस्तिका बुकिंगपूर्वी वाचा.
• मोठ्या बॅटरीसोबत साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली तर ती उतरते आणि गाडी सुरूच होत नाही. परदेशी मुलांकडे जाऊन महिनोन्महिने राहणाऱ्या आई-बाबांनी हे आधी विचारात घ्यावं.
• नारिंगी रंगाच्या वायरींमध्ये उच्च दाबाची वीज असते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तिथे हात लावू देऊ नका.
• अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, शाल, सतरंजी ठेवू नका. सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या.

मग बाबांच्या प्रश्नाचं काय?

'सगळंच पैशात मोजायचं का?' नाही. ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद असताना गाडीतली शांतता खरंच सुखाची असते. क्लच नाही, धक्के नाहीत. सिग्नलला शंभर गाड्या उभ्या असताना आपल्या गाडीतून धूर निघत नाही, याचंही मोल आहे. रिक्षात बसलेल्या, पायी चाललेल्या माणसाला ते कळतं. यासाठी कुणी अडीच लाख मोजत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते पैसे सुखासाठी दिले, हे माहीत असू द्या. 'वाचवले' असं समजून देऊ नका.

आणि कंपन्यांकडून एक अपेक्षा आहे. ब्रोशरमध्ये शहराचा आणि हायवेचा ॲव्हरेज वेगवेगळा छापा. विजेवर एक मीटरही न जाणाऱ्या गाडीवर 'हायब्रिड' लिहिणं थांबवा. ग्राहकाला इंजिनीअर मुलगी असलीच पाहिजे, अशी अट नसावी.

तोवर एक काम तुम्हीच करा. गाडीत एक कागद ठेवा. महिनाभर रोज रात्री दोनच आकडे लिहा: आज शहरात किती किमी, हायवेवर किती. गाडी नसेल तर रिक्षा, कॅब, बाइकचं अंतर लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. शहराचा आकडा १,३०० च्या वर गेला तर स्ट्राँग हायब्रिड घ्या. पाच-सहाशेच्या खाली असेल तर साधी पेट्रोल किंवा सीएनजी घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. मधे असाल तर दोन्ही चालवून बघा आणि मनाला विचारा.

बाबांनी कागद ठेवला. पहिल्या आठवड्यात रागाने, नंतर सवयीने. महिन्याच्या शेवटी बेरीज आली ३१२ आणि ४४०. चष्मा काढून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, 'तुझा अंदाज बारा किलोमीटरने चुकला.' मग थोडं थांबून, 'साधीच घेऊ. रंग मात्र मी ठरवणार.'